यामो : एका आरंभ-फाईलची कैफियत

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पण तुम्ही मला पाहिलेले नसणार. माझ्या नावाआधी एक टिंब आहे, आणि टिंबाने सुरू होणारे नाव संगणक साध्या यादीत दाखवतच नाही. दाखवले असते तरी तुम्ही मला उघडून वाचले असते, असे मला वाटत नाही. माणसांचा आणि वाचनाचा संबंध मी चौदा वर्षे जवळून पाहिला आहे. त्याबद्दल माझ्या तोंडून चांगले काही निघणार नाही.

मी राहते सरोवराकाठच्या एका लहानशा केंद्रात, कासेरा बीचच्या वरच्या चढावर. केंद्र म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, पुढे व्हरांडा. खाली वाळूवर चौदा नावा. समोरच्या खडकाळ बेटावर एक खांब उभा आहे. तो वारा मोजतो आणि आकडे इकडे धाडतो. त्या आकड्यांवरून कोळ्यांना सांगायचे, आज नाव काढा किंवा काढू नका. केंद्राचे काम एवढेच. सोपे वाटते ना? सोपी कामेच माणसांच्या हातून बिघडतात.

माझे काम सांगते. संगणकात शेल नावाचा एक हुकूम घेणारा असतो. काळी खिडकी उघडली की तो जागा होतो. तुम्ही हुकूम लिहायचा, त्याने तो पाळायचा. हा शेल भलताच विसराळू. खिडकी मिटली की त्याला काही म्हणता काही आठवत नाही. म्हणून प्रत्येक नवी खिडकी उघडताना तो आधी माझ्याकडे येतो आणि मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. कोणता हुकूम कुठे सापडेल, मालकाला काय कसे आवडते, कोणत्या लांबलचक हुकमाला कोणते टोपणनाव ठेवले आहे, हे सारे माझ्यात लिहिलेले असते. मला वाचले की तो शहाणा होतो. तोवर नुसता ठोंब्या.

माझी एक थोरली बहीण आहे. तिच्याही नावाआधी टिंब. माणूस आपल्या खात्यात शिरतो तेव्हा शेल तिला एकदा वाचतो. तिच्यात कामाची ओळ एकच: ‘धाकटीलाही वाच.’ त्या एका ओळीवर बाईंनी चौदा वर्षे मोठेपणा मिरवला.

माझा जन्म काही थाटामाटाचा नाही. नवे खाते उघडले की साच्यातून एक प्रत काढून तिथे ठेवतात, तशी मी आले. माझ्यासारख्या लाखो बहिणी जगभर अशाच येतात. त्यांतल्या बहुतेकींना मालक कधी उघडूनही पाहत नाही. त्या जशा आल्या तशाच जातात. माझे नशीब निराळे होते. मला अपोंदी न्यांगवेसो मिळाली.

अपोंदी आधी बारा वर्षे किनाऱ्यावर मासळी तोलायची. तिचे माहेर सेमेचे, म्हणून सगळा कासेरा तिला ‘न्यार-सेमे’, म्हणजे सेमेची लेक म्हणतो. लग्न होऊन तीस वर्षे झाली, नातवंडे झाली, तरी ती लेकच. संगणक ती पंचेचाळिसाव्या वर्षी शिकली. एका बोटाने टाइप करायची. पण माझ्यात ओळ घालायची म्हटले की तीच ओळ आधी तीनदा खिडकीत करून पाहायची, आणि प्रत्येक ओळीच्या वर साध्या शब्दांत टीप लिहायची. तिची एक टीप मला अजून पाठ आहे: ‘पुसण्याचा हुकूम दिला की ही ओळ आधी विचारते. कारण मी एकदा न विचारता पुसले आणि दोन दिवस रडले.’

शाळेत न गेलेल्यांनाही समजेल असे ती लिहायची. शिकलेल्यांना ते का जमत नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तिने माझ्यात नऊ टोपणनावे लिहिली. त्यांतले सर्वांत मोलाचे ‘यामो’. त्यांच्या बोलीत यामो म्हणजे वारा. त्यामागचा खरा हुकूम तीन ओळी लांब होता: बेटावरच्या खांबाकडून गेल्या तीन तासांचे आकडे घे, त्यांतला मोठा निवड, मर्यादेशी ताडून पाहा आणि शेवटी ‘शांत’ नाहीतर ‘जाऊ नका’ असे लिही. एवढे रोज कोण टाइप करणार? अपोंदी सकाळी पाच वाजता यायची, खिडकी उघडायची, ‘यामो’ची चार इंग्रजी अक्षरे लिहायची. मी शेलला आधीच पढवून ठेवलेले असायचे. उत्तर यायचे. मग ती ते स्वतःच्या हाताने चौदा नावांच्या तांडेलांच्या फोनवर पाठवायची.

ओबिएरो नावाचा एक तांडेल होता. उंच, समोरचा एक दात तुटलेला. त्याच्या झोपडीत वीज नव्हती, म्हणून फोन चार्ज करायला तो केंद्रात यायचा आणि व्हरांड्यात फतकल मारून बसायचा.

“काय गं न्यार-सेमे, आज तुझा डबा काय म्हणतोय?”

“डबा म्हणतोय, ओबिएरोने तोंड बंद ठेवलं तर वारा निम्मा होईल.”

“माझा बाप पाणी बघून वारा सांगायचा. खांब नव्हता नि काही नव्हतं.”

“आणि तुझ्या बापाच्या किती नावा बुडाल्या?”

“दोन,” तो हसत म्हणायचा. “पण दोन्ही वेळा त्याने आधी सांगितलं होतं हो, बुडणार म्हणून!”

असा तो होता. पण ‘जाऊ नका’ आले की मुकाट्याने जाळे दुरुस्त करत बसायचा. अकरा वर्षांत कासेराची एकही नाव वाऱ्याने बुडाली नाही. मोठमोठे पाहुणे यायचे. खांबाचे कौतुक करायचे, संगणकावर हात ठेवून फोटो काढायचे, मंडाझीचे गोड वडे आणि चहा संपवून जायचे. एकदा एका पाहुण्याने चक्क प्लगच्या बोर्डाची तारीफ केली. माझे नाव एकानेही काढले नाही. त्याचे मला दुःख नव्हते. अशांच्या तोंडी आपले नाव नसलेलेच बरे.

मग अपोंदी निवृत्त झाली आणि झाब्लोन ओमुगा आला.

झाब्लोन सव्वीस वर्षांचा, नैरोबीत शिकलेला. त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर इतकी चित्रे चिकटवलेली की मूळ रंग कोणता होता ते त्यालाही आठवत नसावे. आल्या आल्या त्याने मला उघडले. अपोंदीच्या टिपा वाचून तो मोठ्याने हसला. “ही फाईल आहे का आजीची गोधडी?” असे म्हणाला आणि त्याने सगळ्या टिपा पुसून टाकल्या. त्या ‘जागा अडवतात’ म्हणे. त्यानंतर तासाभरात त्याने इंटरनेटवरून कुणाकुणाच्या फाईलींतल्या चारशे ओळी उचलून माझ्यात ओतल्या. त्यांतली एकही त्याने वाचली नाही. मी शपथेवर सांगते, एकही नाही.

काय काय होते त्या ओळींत! खिडकी उघडताच अक्षरांची बनवलेली एक गाय यायची आणि सुविचार सांगायची. हुकुमाच्या आधी सात रंगांत वार, तारीख आणि चंद्राची कला दिसायची. कुणा परदेशी माणसाच्या घरच्या छपाईयंत्राला तीन टोपणनावे होती. ते यंत्र या खंडातही नव्हते. आधी माझे वाचन डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात व्हायचे. आता अकरा सेकंद लागू लागले. झाब्लोन खिडकी उघडायचा, बोटे वाजवत बसायचा आणि म्हणायचा, “हा संगणक म्हातारा झालाय.” संगणकाला म्हातारे म्हणायला अक्कल लागत नाही, फाईल उघडून पाहायला लागते.

कधी तो माझ्यात नवी ओळ घालायचा आणि उघड्या असलेल्या जुन्याच खिडकीत ती चालवून पाहायचा. ती चालायची नाही. अहो, चालेल कशी? त्या शेलने मला वाचले ते सकाळी. ओळ घातली दुपारी. नवी खिडकी उघडावी किंवा शेलला ‘पुन्हा वाच’ म्हणावे, एवढीच ती गोष्ट. हा बाबा टेबलावर मूठ आपटायचा. एकदा त्याने एका ओळीत अवतरणचिन्ह उघडले आणि बंदच केले नाही. शेलने बापड्याने पुढच्या सगळ्या ओळी त्या चिन्हाच्या पोटात घातल्या आणि शेवटी तक्रार केली. झाब्लोनने इंटरनेटच्या तारेला शिव्या दिल्या.

आणखी एक नियम आहे, तोही त्याला ठाऊक नव्हता. एकच टोपणनाव दोनदा लिहिले तर शेवटचे खरे धरले जाते. चारशे ओळींत कुठेतरी पुसण्याच्या हुकमाला कुणा घाईखोराने टोपणनाव दिले होते: ‘काही विचारू नकोस, पूस.’ ते खाली होते, अपोंदीचे वर. एका दुपारी मार्च महिन्याचे सारे आकडे न विचारता गेले. “व्हायरस आला असणार,” झाब्लोन स्वतःशीच म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

इथवर मी नुसती हसत होते. तिरस्कारात एक सुख असते, मित्रांनो. आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत हे दिवसभर वाटत राहते. पुढचे सांगताना मला तसे वाटत नाही.

झाब्लोनला सकाळी पाचला उठणे जमेना. संगणकात एक घड्याळी कामकरी असतो; सांगितल्या वेळी सांगितलेले काम तो न चुकता करतो. झाब्लोनने त्याच्यासाठी चार ओळींचा कागद तयार केला. त्याचा अर्थ असा: रोज साडेपाचला ‘यामो’ चालव. उत्तरात ‘जाऊ नका’ आले तर सगळ्यांना तसा निरोप पाठव. नाहीतर ‘शांत’ असा निरोप पाठव. हुकूम त्याने आधी स्वतःच्या खिडकीत एकेक टाइप करून पाहिले. चालले. चालणारच, त्या खिडकीच्या शेलने मला वाचलेले होते.

पण घड्याळी कामकऱ्याचा शेल माझ्या दारात येत नाही, मित्रांनो. थोरलीच्याही नाही. त्याला खिडकी नाही, समोर माणूस नाही. टोपणनावांशी त्याला देणेघेणे नाही. त्याला हुकमाचे पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता लागतो. पहिल्याच सकाळी साडेपाचला तो माझ्यासमोरून सरळ निघून गेला. ‘यामो’ म्हटल्यावर थांबला, इकडे तिकडे पाहिले आणि नोंदवहीत लिहिले: ‘यामो: असा हुकूम सापडला नाही.’ हुकूमच सापडला नाही, तेव्हा ‘जाऊ नका’ हे शब्द कुठून येणार? मग त्याने कागदावरचे ‘नाहीतर’ वाचले आणि चौदा फोनांवर ‘शांत’ पाठवून दिले.

एकोणीस सकाळी असेच घडले. योगायोगाने एकोणीसही दिवस सरोवर खरोखर शांत होते. झाब्लोन आठला यायचा, मंडाझी खायचा आणि वरिष्ठांना कळवायचा की त्याने काम ‘स्वयंचलित’ केले आहे. वरिष्ठांनी त्याला शाबासकीचे पत्र पाठवले. नोंदवहीत एकोणीस ओळी साचल्या होत्या. ती वही उघडायला दोन सेकंद लागले असते.

विसाव्या सकाळी काय झाले ते अपोंदीने नंतर व्हरांड्यात बसून सांगितले, तेव्हा मला कळले.

ती पहाटे वाळूवर जाळी अंथरून ओमेना, म्हणजे आमची बोटभर लांबीची मासळी, वाळत घालत होती. बेटाच्या मागे पाण्यावर एक काळपट पट्टा दिसत होता आणि तो हलत होता. सगळ्यांच्या फोनवर ‘शांत’ आले होते. ओबिएरो आणि त्याचे तिघे साथीदार नाव ढकलत होते.

“ओबिएरो, थांब जरा,” ती म्हणाली. “मला ते पाणी बरं दिसत नाही.”

“अगं, तुझंच यंत्र शांत म्हणतंय.” त्याने फोन तिच्यासमोर धरला. “आता तुझं ऐकू की तुझ्या यंत्राचं?”

अकरा वर्षे तिनेच त्यांना शिकवले होते की डोळ्यांवर नको, निरोपावर विश्वास ठेवा. नावा एकेक करून गेल्या. आठ वाजेपर्यंत तो पट्टा वाढतच गेला, मग तिच्याने राहवेना. तिने धावत वर जाऊन रस्त्यावरची एक बोडा-बोडा थांबवली आणि त्या मोटारसायकलवर मागे बसून ती केंद्रात आली. झाब्लोन नुकताच कुलूप काढत होता.

“मॅडम, इतक्या सकाळी? काही विसरलात का?”

“खिडकी उघड.”

“त्याची गरज नाही आता. सगळं आपोआप होतं. तुम्ही आराम करा, नातवंडं सांभाळा.”

“झाब्लोन, मी तुझ्या आईच्या वयाची आहे आणि मला धाप लागलीय. खिडकी उघड.”

त्याने उघडली. ती अकरा सेकंद गाईसमोर उभी राहिली. गाईने सांगितले की धीर धरणाऱ्याला फळ मिळते. मग अपोंदीने एका बोटाने चार अक्षरे लिहिली. आकडे आले, आणि शेवटी ‘जाऊ नका.’

झाब्लोनने पडद्याकडे पाहिले. “हे... पण चालतंय की! बघा, चालतंय!”

“तुझ्या खिडकीत चालतंय,” ती म्हणाली. “पाण्यावरच्यांना शांत म्हणून कळवलंयस तू.” आणि तिने किनाऱ्याच्या चेअरमनला, अगुतूला, फोन लावला. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “चेअरमन, मोटारबोट काढा. सगळ्यांना मागे फिरवा. निरोप चुकीचा गेलाय.”

तोवर पत्रा वाजू लागला होता.

तेरा नावा परत आल्या. चौदावी बेटाच्या वळणावर उलटली. अगुतूच्या मोटारबोटीला तिच्या पालथ्या पाठीला धरून राहिलेले तिघे सापडले. त्यांनी सांगितले, ओबिएरोने सर्वांत लहान साथीदाराला वर ढकलले आणि त्याचा स्वतःचा हात सुटला. तो तिसऱ्या दिवशी लव्हाळ्यात सापडला.

पाचव्या दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात सभा भरली. मुख्य कचेरीतून एक टायवाले साहेब आले होते. त्यांनी आल्या आल्या झाब्लोनशी आत अर्धा तास कुजबूज केली, आणि बाहेर येऊन कागदावरून वाचून दाखवले की ‘संगणकातील एका जुन्या फाईलमुळे बिघाड झाला असून सदर फाईल नष्ट करण्यात येईल.’ सदर फाईल म्हणजे मी. ज्यांनी मला कधी वाचले नाही, त्यांनी माझा निकाल लावला होता. मला नवल वाटले नाही. कुणालातरी फाशी द्यायची तर उलट बोलता न येणारा सर्वांत सोयीचा.

फाईल म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक नव्हते, आणि साहेबांना ते बरेच होते. तेवढ्यात अपोंदी उठली.

“चेअरमन, तुम्हाला लहानपणापासून काय म्हणतात?”

अगुतू गोंधळला. “रातेंग. काळा म्हणून.”

“जिल्ह्याच्या कचेरीत उद्या रातेंग नावाने पत्र आलं, तर तुम्हाला मिळेल?”

“कसं मिळेल? तिथे कोण ओळखतं रातेंगला? तिथे पूर्ण नाव लागतं, ओळखपत्राचा नंबर लागतो.”

“तसंच झालंय. यामो हे टोपणनाव आहे. या खोलीत येणारे ते ओळखतात. साडेपाचला काम करणारा परका आहे. त्याने यामोला हाक मारली, कुणी ओ दिली नाही. सलग वीस दिवस दिली नाही. त्याने ते लिहूनही ठेवलंय. आत पडलंय, कुणी वाचलं नाही.” ती झाब्लोनकडे वळली. “पण मला सांग, घरात हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर माणूस सुखरूप आहे असं समजतात का रे?”

ओबिएरोची बायको व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली होती. सभेत ती पहिल्यांदाच बोलली. “तू त्यात जे घातलंस, ते वाचलं होतंस?”

“नाही,” तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातले ते पहिले सरळ उत्तर असावे.

मला वाटले, आता अपोंदी त्याला सोलून काढणार. मी त्या क्षणाची वाटच पाहत होते. पण ती पुन्हा लोकांकडे वळली.

“एवढ्याने संपलं नाही. पहिली चूक माझी. ज्या कामावर चौदा नावांचा जीव, ते मी टोपणनावात ठेवलं, कारण मला टाइप करायचा कंटाळा होता. त्याला स्वतःचं घर, स्वतःचं पूर्ण नाव द्यायला हवं होतं. मी असेपर्यंत भागलं. मी गेले आणि ते माझ्याबरोबर गेलं. हे मी ओबिएरोच्या घरी जाऊन सांगितलंय. आता तुम्हा सगळ्यांसमोर सांगते.”

ती खाली बसली. साहेबांनी कागदाची घडी घातली.

मित्रांनो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि ती मला आवडली नाही. मी सगळ्यांना हसत होते. झाब्लोनला, थोरलीला, विसराळू शेलला. पण यामो माझ्याकडेच आहे, ज्याला हवा त्याने माझ्या दारातून यावे, याचा गर्व मीही अकरा वर्षे जपला होता. घड्याळी कामकरी माझ्यासमोरून वीसदा गेला. मला बोलता येत नाही, हे खरे. पण त्याला हाक मारावी असे मला वाटलेसुद्धा नाही. मला वाटले होते, बरी खोड मोडली.

मला नष्ट केले नाही. अपोंदी पुन्हा रोज येऊ लागली, पगाराशिवाय. तिने झाब्लोनला माझ्यासमोर बसवले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली.

“ही काय करते?”

“माहीत नाही.”

“मग पूस.”

“ही?”

“चंद्राची कला दाखवते.”

“चंद्र बघायला बाहेर जात जा. पूस.”

चार दिवस हे चालले. गाय गेली, चंद्र गेला, परदेशी छपाईयंत्र गेले. चारशेतून एकतीस ओळी राहिल्या, आणि प्रत्येकीच्या वर झाब्लोनच्या हातची टीप. त्याची भाषा अजूनही जडच आहे, सुधारेल. शेवटच्या दिवशी त्यांनी यामोचा खरा हुकूम माझ्यातून उचलला आणि वेगळ्या फाईलीत ठेवला. तिला पूर्ण नाव दिले, पूर्ण पत्ता दिला, आणि तो पत्ता भिंतीवरच्या कागदावरही लिहिला. माझ्यात टोपणनावाची आखूड ओळ तेवढी राहिली, तिकडे बोट दाखवणारी. मानाचे म्हणून जे काही माझ्याकडे होते ते गेले. जायलाच हवे होते. हे म्हणायला मला फार जड जाते.

घड्याळी कामकऱ्याच्या कागदावर आता तिसरा निरोपही आहे. तो झाब्लोनने लिहिला, आणि त्याने तो खिडकीत टाइप करून तपासला नाही. साडेपाचला स्वतः येऊन, बेटाचा खांब मुद्दाम बंद ठेवून तपासला. सलग तीन दिवस.

ऑगस्टमध्ये एका सकाळी खांबाची बॅटरी खरोखरच संपली. त्या दिवशी सगळ्या फोनांवर निरोप गेला: ‘आज वाऱ्याचे माहीत नाही. नावा काढू नका.’

पाच मिनिटांत अगुतूचा फोन आला. झाब्लोन केंद्रातच होता.

“काय रे, एवढा मोठा खांब उभारलात तो ‘माहीत नाही’ म्हणायला? आभाळ तर कसं निळंशार आहे! इथे सगळे मला हसतायत.”

“हसू द्या, चेअरमन. मी बॅटरी घेऊन बेटावर निघालोय. तोवर थांबा.”

“थांबतोय. थांबतोय रे बाबा.”

तर मित्रांनो, तुमच्या संगणकातही माझी एखादी बहीण टिंबामागे बसलेली असेल. तिला उघडा. जी ओळ समजत नाही ती समजून घ्या, नाहीतर काढा. दुसऱ्याची ओळ आणून घालाल तर आधी वाचा. ज्यावर कुणाचा जीव आहे ते आमच्या भरवशावर सोडू नका. आम्ही फक्त ओळखीच्यांना ओळखतो. तुम्ही हे कराल अशी मला फार आशा नाही. तुम्हाला मी ओळखून आहे. पण ऑगस्टमधल्या त्या दिवशी आभाळ दिवसभर निळेच राहिले, वारा आलाच नाही, लोक चरफडत जाळी शिवत बसले, आणि संध्याकाळी झाब्लोन बेटावरून परतला तेव्हा तेराही नावा वाळूवर होत्या.